"जाता जाता तेवढं करून द्या": वाढीव कामाचे पैसे कुठे सुटतात?



पेंटिंग, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, इलेक्ट्रिक, फॅब्रिकेशन, इंटिरियर, सीसीटीव्ही किंवा पंपाची एएमसी. यातलं काही तुम्ही करत असाल किंवा सुरू करायच्या विचारात असाल, तर आजचा विषय थेट तुमच्या खिशाचा आहे.

कोटेशन पास झालं, बयाणा आला, माणसं लागली. चौथ्या-पाचव्या दिवशी मालक साइटवर येतो, वर बघतो आणि म्हणतो, "अहो, जाता जाता ती टाकीपण घ्या ना रंगवून. माणसं आहेतच तुमची."

मोठ्या कंत्राटांत याला चेंज ऑर्डर किंवा व्हेरिएशन म्हणतात. सरकारी कामात एक्स्ट्रा आयटम म्हणतात. आपण साधं वाढीव काम म्हणू. मालकाने बदल सांगितला की पैसे हलतात, दिवस हलतात आणि जबाबदारीही हलते. यातलं पैशाचं आपण मनातल्या मनात ठरवतो, दिवसांचं बोलतच नाही, आणि जबाबदारी कुणाची हे भांडण झाल्यावर कळतं.

आधी एक हिशोब बघा. माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे कुणाच्या साइटवर किती माल जातोय हे मला काउंटरवर बसून दिसतं. आमच्या भागातल्या एका पेंटिंग कॉन्ट्रॅक्टरने एका सोसायटीचं बाहेरून रंगाचं काम घेतलं, ६ लाखांचं. सगळा खर्च जाऊन ६०,००० रुपये सुटतील असा त्याचा अंदाज, म्हणजे १० टक्के. अंदाज बरोबर होता. पण त्याच्या यादीपेक्षा जास्त प्रायमर आणि ऑइल पेंट जायला लागला, तेव्हा मी विचारलं, "दादा, काम वाढलंय का?" तो म्हणाला, "नाही हो, किरकोळ आहे."

नंतर आम्ही दोघांनी बसून ते किरकोळ मोजलं. टाकीची बाहेरची बाजू, खर्च ११,५०० रुपये. मीटर रूम आणि पंप रूम, ९,०००. गेट आणि तळमजल्याच्या ग्रिलना ऑइल पेंट, १३,५००. पार्किंगच्या छताला पॅच प्लास्टर, ८,०००. हे झाले ४२,०००. या सगळ्यात परांची ९ दिवस जास्त राहिली, रोजचं भाडं ७०० रुपये, म्हणजे अजून ६,३००. एकूण ४८,३००, आणि तेही फक्त खर्चाचे, त्यात त्याचा नफा धरलेलाच नाही. साठातून अठ्ठेचाळीस गेले. अडीच महिन्यांच्या कामाचे राहिले ११,७०० रुपये. शेवटच्या बिलात त्याने एक्स्ट्राचे ६५,००० लावले, तर कमिटी म्हणाली, "हे सगळं मूळ कामातच आहे असं आम्ही धरून चाललो होतो." बरीच बोलाचाली होऊन १५,००० मिळाले.

यात कमिटी लबाड होती असं मला वाटत नाही. मालकाच्या डोक्यात "बिल्डिंगचा रंग" म्हणजे अख्खी बिल्डिंग असते, गेटसकट. आपल्या डोक्यात ती चौरस फुटांत असते. हा फरक कोटेशनच्या दिवशी मिटला नाही तर बिलाच्या दिवशी निघतोच.

मोठे लोक काय करतात

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाची कामं बी-१ आणि बी-२ या निविदा फॉर्मवर निघतात. बी-१ मध्ये एकूण अंदाजपत्रकावर टक्केवारीने दर भरतात, बी-२ मध्ये प्रत्येक आयटमचा वेगळा. दोन्हींत हे आधीच धरलेलं असतं की काम चालू असताना इंजिनिअर बदल सांगणार. तो अधिकार त्यांना करारातच दिलेला आहे, आणि बदल सांगितला म्हणून करार मोडत नाही. त्याचबरोबर दर कसा ठरणार हेही लिहिलेलं असतं. तोच आयटम निविदेत असेल तर निविदेचा दर, नसेल तर शासनाच्या दरसूचीचा आधार, तिथेही नसेल तर कॉन्ट्रॅक्टरने आपला दर कळवायचा. एखाद्या आयटमचं परिमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढलं तर त्या वरच्या भागाच्या दराचा वेगळा विचार होतो, त्यासाठी स्वतंत्र कलम आहे.

आंतरराष्ट्रीय प्रकल्पांत फिडिक नावाचे तयार करार वापरतात. त्याच्या १९९९ च्या आवृत्तीत जादा पैसे किंवा जादा वेळ मागायचा असेल तर कारण कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस द्यावी लागते. दिली नाही तर हक्क जातो. हजार कोटींच्या कामातल्या कंपन्यासुद्धा ही तारीख कॅलेंडरवर लावून ठेवतात. आणि आपण ६ लाखांच्या कामात "शेवटी बघू" म्हणतो!

आपल्याला बी-१ चा जाडजूड फॉर्म नको. पण त्यातली कल्पना घ्यायला काहीच हरकत नाही: मालकाला बदल सांगायचा पूर्ण अधिकार, आणि बदलाचा दर कसा निघणार हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. "एक्स्ट्रा काम करणार नाही" असं म्हणणारा कॉन्ट्रॅक्टर कुणालाच आवडत नाही. खरं तर वाढीव काम हा चांगला धंदा आहे. गिऱ्हाईक शोधायचा खर्च नाही, माणसं जागेवर, विश्वास बसलेला. फक्त ते धंदा म्हणून करायचं.

वर्क ऑर्डरमध्ये घालायचा मजकूर

तुमच्या कोटेशनच्या शेवटी हा परिच्छेद टाका. भाषा मुद्दाम साधी ठेवली आहे, कमिटीतल्या कुणालाही कळेल अशी.

"वरील यादीतील कामच या रकमेत समाविष्ट आहे. यादीबाहेरचे किंवा बदललेले काम मालकाच्या वतीने फक्त श्री./श्रीमती ______ सांगतील. अशा कामाचा दर, अंदाजे रक्कम व वाढणारे दिवस आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर कळवू व मंजुरी आल्यावर काम सुरू करू. यादीतील दर लागू होत असल्यास तोच लावू. अन्यथा माल व मजुरीचा प्रत्यक्ष खर्च अधिक २० टक्के. वाढीव कामाचे बिल त्याच्या पुढच्या हप्त्यासोबत देय राहील. जीएसटी वेगळा."

२० टक्क्यांच्या जागी तुमचा आकडा टाका. पण त्याहून महत्त्वाची आहे ती मधली रिकामी जागा, नावाची. सोसायटीत चेअरमन एक सांगतो, सेक्रेटरी दुसरं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून तिसरंच. बंगल्याच्या कामात दादा म्हणतात किचनचा ओटा काळा, वहिनी म्हणतात हिरवा, आणि आजींना देवघर पूर्वेला हवं असतं. तिघांचंही ऐकून घ्या, चहा प्या, पण माणसं लावायची ती एकाच नावाच्या सांगण्यावरून.

सोसायटीच्या बाबतीत अजून एक. उपविधींनुसार मॅनेजिंग कमिटीला सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय दुरुस्तीवर किती खर्च करता येतो याला मर्यादा असते, ती सभासदसंख्येवर ठरते. वाढीव काम मोठं असेल तर सेक्रेटरीचा तोंडी होकारच काय, त्याची सहीसुद्धा पुरेशी ठरेलच असं नाही. त्यामुळे थेट विचारा: "साहेब, हे कमिटीच्या अधिकारात बसतं का सभेत घ्यावं लागेल?" हा प्रश्न विचारणाऱ्याला कमिटी जास्त गांभीर्याने घेते, हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय.

मेसेज कसा असावा

वाढीव काम सांगितलं त्याच दिवशी, साइटवरून निघायच्या आत असा मेसेज पाठवा:

"नमस्कार साहेब. आज ४ वाजता गच्चीवर आपण सांगितलेलं टाकीच्या बाहेरच्या बाजूचं काम मूळ यादीत नाही. अंदाजे ४२० चौ. फूट, दर २४ रुपये, १०,०८०. परांचीचे ४,०००. एकूण १४,०८० अधिक जीएसटी. मुदत ३ दिवसांनी वाढेल. 'मंजूर' असं उत्तर आलं की उद्या सकाळी माणसं लावतो."

सोबत आत्ताचा फोटो. काम झाल्यावर दुसरा फोटो आणि प्रत्यक्ष मोजमाप. एवढंच.

यात भीती कसली वाटते ते मला माहीत आहे. बॅचमध्ये दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "सर, असं लिहून मागितलं की माणूस नाराज होतो." होतो कधीकधी. पण १४,००० चा आकडा आधी ऐकून नाराज झालेला माणूस फार तर "टाकी राहू दे" म्हणतो. ६५,००० चा आकडा शेवटी ऐकून नाराज झालेला माणूस तुमचं मूळ बिलही अडकवतो, रिटेन्शनही ठेवून घेतो आणि चार जणांना सांगतो की हा कॉन्ट्रॅक्टर मागाहून बिल वाढवतो.

व्हॉट्सअ‍ॅपला किंमत आहे का? आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १०अ नुसार करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला, एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही. कोर्टात असा पुरावा द्यायची पद्धत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून फोन बदलताना चॅटचा बॅकअप घ्या आणि आपोआप मेसेज उडण्याची सोय अशा चॅटला लावू नका. फोनवर बोलणं झालं असेल तर लगेच "आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे" असा मेसेज टाकायचा.

दर तोच का नसतो

"तुमच्याच कोटेशनमध्ये चौरस फुटाला १८ आहे, मग टाकीला २४ कसे?" हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा. १८ चा दर हजारो चौरस फुटांचा होता. ४२० फुटांसाठी दोन माणसं मुख्य कामावरून काढावी लागतात, माल वर चढवावा लागतो, आणि त्या दिवशी मुख्य काम मागे पडतं.

त्यातही वेळेचा फरक मोठा. मागच्या बाजूचा पावसाच्या पाण्याचा पाइप बदलायचा आहे असं धरा. परांची उभी असताना तेच काम ३,५०० मध्ये होईल. परांची उतरली, की पाळणा लावा, दोन माणसं वेगळी आणा, ९,००० कुठेच गेले नाहीत. म्हणून परांची उतरवायच्या दोन दिवस आधी मालकाला घेऊन सगळ्या बाजूंनी एक फेरी मारा आणि सांगा, "काही राहिलं असेल तर आत्ता सांगा, नंतर महाग पडेल." पाण्याची लाइन बंद करण्याआधी, फॉल्स सीलिंग झाकण्याआधी, टाइल्स बसवण्याआधी अशीच फेरी. या फेरीत जे काम निघतं ते मालकाला स्वस्त पडतं आणि तुम्हाला सोपं. बहुतेक वेळा मालक आभारच मानतो.

काही कामं फुकट करायचीच असतात. बेल बसवून दिली, एक नळ घट्ट केला, दाराला हात मारला. जरूर करा. पण बिलात त्या कामाची ओळ किमतीसकट घाला आणि तेवढीच सूट पुढे दाखवा. न दाखवलेली मेहेरबानी मालकाला दिसत नाही, आणि पुढच्या वेळी तोच हक्क वाटतो. जीएसटीमध्ये नोंद असाल तर अशी सूट बिलात कशी दाखवायची ते एकदा सीएला विचारून घ्या.

आपल्या माणसांनाही शिकवावं लागतं. मालकीणबाई चहा देतात आणि बिगाऱ्याला सांगतात, "बाळा, तेवढी बाल्कनीची भिंत पण मार." तो मारतो. माल तुमचा, रोज तुमचा. माणसांना एकच वाक्य पाठ करून द्या: "करतो की ताई, शेठना विचारून घेतो." आणि वाढीव कामाचा माल दुकानातून घेताना वेगळ्या बिलावर घ्या, बिलावर कामाचं नाव लिहायला सांगा. कुठलाही दुकानदार लिहून देईल. हिशोबाच्या दिवशी तेच बिल तुमच्या बाजूने बोलतं.

एक अपवाद. उघडी वायर आहे, पाइप फुटलाय, सज्जाचा तुकडा लोंबतोय, तिथे मंजुरीची वाट बघत बसू नका. आधी धोका दूर करा, फोटो काढा, आणि त्याच दिवशी कळवा की काय केलं आणि किती लागले.

काम कमी केलं तर?

हे कुणी बोलत नाही. मालक मध्येच म्हणतो, "मागची बाजू पुढच्या वर्षी करू." तुम्ही सगळ्या बाजूंचा आकार बघून दर खाली आणला होता, माल उचलून झाला होता. कोटेशनमध्ये लिहा की काम २० टक्क्यांहून जास्त कमी झालं तर उरलेल्या कामाच्या दरावर पुन्हा बोलू, आणि आणलेल्या, परत न जाणाऱ्या मालाचे पैसे मिळतील. टिंट मारलेला रंग कुठलाच दुकानदार परत घेत नाही. मीही नाही.

एएमसीमध्ये हाच प्रकार हळूहळू होतो. १६ कॅमेऱ्यांची एएमसी २४,००० मध्ये घेतली, म्हणजे कॅमेऱ्यामागे १,५००. चार महिन्यांनी सोसायटीने अजून ५ लावले, दुसऱ्याकडून. तक्रार आली की फोन तुम्हालाच. म्हणून एएमसीला उपकरणांची यादी जोडा, जागेसकट. नवीन उपकरण आलं की उरलेल्या महिन्यांचे पैसे: ५ गुणिले १,५००, त्याचे बारातले आठ महिने, म्हणजे ५,०००. जागा बदलणं, नवी केबल ओढणं, दुसऱ्याने बिघडवलेलं दुरुस्त करणं हे एएमसीत नाही, व्हिजिटला अमुक इतके, असं पहिल्या पानावर लिहा.

काम करून बसलात, लेखी काहीच नाही

तरीही सगळं गेलं असं समजू नका. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७०. कुणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही काम केलं, ते फुकट करायच्या हेतूने केलेलं नव्हतं, आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याला भरपाई द्यावी लागते.

याच कलमावरचा गाजलेला खटला म्हणजे पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स. गोष्ट १९४४ ची, बंगालमधल्या आरामबागची. नागरी पुरवठा खात्यासाठी कॉन्ट्रॅक्टरने बांधकाम केलं. अधिकाऱ्याने भेटीत अजून कामं सांगितली: कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, ऑफिस, स्वयंपाकघर, कारकुनांची खोली. आपल्या "जाता जाता"चीच मोठी आवृत्ती. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा सरकार म्हणालं, करार कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने झालेलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूने निकाल दिला, आणि निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, आपल्या साताऱ्याचे, जे पुढे सरन्यायाधीश झाले. बांधकाम १९४४ चं, निकाल डिसेंबर १९६१ चा.

सतरा वर्षं! शिवाय तुमच्या करारातच "लेखी आदेशाशिवाय जादा कामाचे पैसे मिळणार नाहीत" असं लिहिलेलं असेल तर या कलमाचा आधार बराच कमजोर होतो. सही करण्याआधी ते वाक्य शोधा.

तेव्हा आज ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी असं करा. एका कागदावर प्रत्येक वाढीव कामाची ओळ: कुणी सांगितलं, साधारण कोणत्या तारखेला, मोजमाप, दर, रक्कम. जागेवर जाऊन फोटो काढा. मालाची बिलं आणि माणसांची हजेरी जोडा. मालकाला बरोबर घेऊन मोजमाप करा आणि त्यावर सही मागा. रकमेवर वाद असला तरी "हे काम झालंय" यावर सही करायला बरेच लोक तयार होतात. झालेल्या कामाच्या पैशासाठी दावा करायची मुदत साधारणपणे काम झाल्यापासून ३ वर्षं आहे. तुमचं एखादं काम दोन-अडीच वर्षांपूर्वीचं असेल तर ही यादी या रविवारीच करा आणि सोमवारी वकिलाला दाखवा.